ज्वालामुखीच्या राखेवरून पुरातत्त्व स्थळाचं वय कसं काढायचं: बोरी, ज्वालापुरम आणि टोबाच्या राखेची पायरी-पायरीने पद्धत

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक म्हणून गाव आहे, तिथल्या नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच गाळात अश्मयुगातली दगडी हत्यारंही मिळतात. ही राख आपल्या सह्याद्रीतली नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण पहिला गोंधळ इथेच होतो. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा माणूस सोडाच, माकडंसुद्धा धड नव्हती. बोरीची राख आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, म्हणजे ३ हजार किलोमीटरहून जास्त लांबून. अशी राख सापडली की त्यावरून हत्यारांचं वय कसं काढतात, कुठे फसायला होतं आणि बोरीच्या राखेला लावलेला "१४ लाख वर्षं" हा आकडा अजून व्हॉट्सअ‍ॅपवर का फिरतो, ते सगळं नीट क्रमाने लिहितोय. पुरातत्त्वाचे विद्यार्थी, भूगोल-भूगर्भवाले आणि नदीकाठी फिरणारे हौशी लोक, सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून.

आधी तत्त्व समजून घ्या

मोठा उद्रेक होतो तेव्हा राख काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत हजारो किलोमीटरवर पडून मोकळी होते. भूगर्भाच्या हिशोबात हा एकच क्षण. म्हणजे सुमात्रात, बंगालच्या उपसागराच्या तळाशी, आंध्रात आणि पुणे जिल्ह्यात जर त्याच उद्रेकाची राख थेट पडलेली असेल तर त्या चारही ठिकाणच्या थरांचं वय एकच, आणि एका ठिकाणी ते वय पक्कं काढलं की बाकी ठिकाणी फुकटात मिळतं. राखेखालचं ते आधीचं, राखेवरचं ते नंतरचं. ही पद्धत नीट बसवली आइसलँडचे भूवैज्ञानिक सिगुर्दूर थोरारिन्सन यांनी १९४० च्या दशकात, तिथे हेक्ला ज्वालामुखीच्या ११०४ सालच्या उद्रेकाची राख जुन्या शेतवाड्यांवर पडलेली आहे आणि साल लिखित नोंदींतून माहीत आहे, त्यामुळे पडताळा घेता येत होता.

टोबाचे मोठे उद्रेक एकाहून जास्त झालेत, सगळ्यात अलीकडचा आणि सगळ्यात मोठा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. त्यात अंदाजे २,८०० घन किलोमीटर खडक बाहेर पडला आणि जो खड्डा झाला त्यात आज १०० किलोमीटर लांबीचा टोबा तलाव आहे. भारतात कुकडीकाठी बोरी, कऱ्हाकाठी मोरगाव, मध्य प्रदेशात सोन नदीचं खोरं, आंध्रात कर्नूलकडचं ज्वालापुरम अशा बऱ्याच ठिकाणी टोबाची राख मिळालीये.

पायरी १: जायच्या आधी

नकाशा काढा, त्या खोऱ्यावर आधी काय काम झालंय ते वाचा. राख बहुतेक वेळा नदीने कापलेल्या उंच दरडीत किंवा ओढ्याच्या घळीत दिसते, त्यामुळे उन्हाळ्यात, पाणी कमी असताना जाणं बरं. जमीन कुणाची आहे ते विचारा, शेतकऱ्याला काय करताय ते सरळ सांगा, बऱ्याचदा "पांढरी माती कुठे दिसते का" एवढं विचारलं तरी तो थेट जागेवर नेऊन उभा करतो. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट: हत्यारांसाठी खणायचं नाही. पुरातत्त्वीय उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची रीतसर परवानगी लागते आणि ती संस्थेमार्फत मिळते. हौशी माणसाने बघायचं, फोटो काढायचे, जागा नोंदवायची आणि जाणकारांना कळवायचं. हत्यार उचलून घरी आणलं की ते कुठल्या थरातलं होतं ही माहिती कायमची गेली, आणि राखेच्या सगळ्या पद्धतीचा जीवच तर त्या माहितीत आहे.

पायरी २: दरड साफ करा आणि मग बघा

(ही पायरी आणि नमुने घेण्याची पायरी ४ परवानगी असलेल्या टीमसाठी.) दरडीवर वरून घसरलेली माती असते, पावसाने ओघळलेला चिखल असतो, त्यावरून काही ठरवू नका. साधारण मीटरभर रुंदीची पट्टी खुरप्याने वरून खाली उभी तासून घ्या, ब्रश मारा, मग चार पावलं मागे येऊन नुसतं बघत बसा. घाई करू नका, थर डोळ्याला दिसायला वेळ लागतो. नंतर टेप लावून प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार, खालच्या-वरच्या थराशी सीमा कशी आहे (सुरीने कापल्यासारखी की हळूहळू मिसळणारी) हे लिहा, स्केल ठेवून फोटो काढा आणि हाताने आकृतीही काढा. फोटो आहे मग आकृती कशाला असं वाटतं, पण काढताना जे लक्षात येतं ते फोटोत राहून जातं.

राख दिसायला फिकट राखाडी, पांढुरकी, कोरडी असली की पिठूळ, पण चिमटीत चोळली की बारीक कचकच लागते कारण ती मुळात काच आहे. फसवणारे बरेच असतात. चुन्याचे कंकर असलेला थरही लांबून पांढरा दिसतो, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर जोरात फसफसतं, शुद्ध राख फसफसत नाही (पण राखेत नंतर चुना झिरपलेला असेल तर थोडं फसफसेल, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका). कर्नाटक-आंध्र-तेलंगणात नवाश्मयुगीन राखेचे ढिगारे आहेत, उत्नूर, बुदिहाळ वगैरे, ते शेणाच्या राखेचे, काही ठिकाणी इतके तापलेत की वितळून धातू गाळताना उरणाऱ्या मळीसारखे झालेत आणि नवख्या माणसाला ज्वालामुखीचेच वाटतील. आणि आपल्याकडे दोन लाव्हा थरांच्या मध्ये जी लाल माती दिसते तिचा या विषयाशी काही संबंध नाही, ती कोट्यवधी वर्षं जुनी.

खरा निकाल मायक्रोस्कोपखाली. राखेचे काचकण म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती, त्यामुळे ते वक्र, धारदार, काही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे दिसतात. ध्रुवित प्रकाशात दोन ध्रुवक एकमेकांना आडवे (क्रॉस) लावले की काच पूर्ण काळी पडते आणि क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार चमकत राहतात. एकदा हे बघितलं की पुन्हा चुकायला होत नाही.

पायरी ३: राख थेट पडलीये की वाहून आलीये?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण महागड्या लॅबमध्ये लाखाचं काम करून आणलं आणि इथे चुकलात तर सगळं वाया.

आकाशातून पडलेली राख पातळ असते, भारतात ती बहुधा काही सेंटिमीटरच, खालची सीमा स्पष्ट, आत गाळ नाही, गोटे नाहीत, रंग एकसारखा. पण बऱ्याच ठिकाणी राखेचा थर मीटर-दोन मीटर जाड दिसतो, ज्वालापुरमला तो २ मीटरच्या वर आहे. आकाशातून एवढी पडली नाही, आजूबाजूच्या टेकड्यांवरची राख पावसाने धुऊन खोलगट जागी आणून भरली. अशा वाहून आलेल्या राखेत तिरके थर, वाळूच्या रेषा, मातीच्या पट्ट्या, मुळांच्या नळ्या दिसतात. चांगल्या जागी तळाशी पातळ शुद्ध थर आणि त्यावर वाहून आलेला जाड थर असं दोन्ही मिळतं, तेव्हा तळाचा पातळ थर जिवापाड जपा.

आता हा तर्क नीट वाचा. समजा राख थेट पडलेली आहे आणि तिच्याखाली हातकुऱ्हाड मिळाली, तर ती ७४ हजार वर्षांहून जुनी, प्रश्नच नाही. राखेवर काही मिळालं तर ते नंतर तिथे आलं. पण समजा राख वाहून आलेली आहे. उद्रेक ७४ हजार वर्षांपूर्वी झाला, पण नदीने ती राख या जागी समजा ४० हजार वर्षांपूर्वी आणून टाकली. मग राखेखालची हातकुऱ्हाड ४० हजारांहून जुनी एवढंच म्हणता येईल, ती ५० हजारांची पण असू शकते, म्हणजे उद्रेकानंतरची असूनही राखेखाली! वाहून आलेली राख फक्त एकच सांगते: हा थर उद्रेकाच्या आधीचा नाही. उलटंही होतं, उद्रेकाच्या कितीतरी आधीची हत्यारं जुन्या गोट्यांच्या थरातून उखडून नदी राखेच्या वर आणून टाकते. म्हणून हत्यारांच्या कडा बघा, झिजून गोल झाल्या असतील तर ती प्रवास करून आलीत, धारदार असतील आणि आसपास बारीक छिलकेही पडलेले असतील तर माणूस तिथेच बसून काम करत होता.

पायरी ४: नमुने घेणं

नमुने खालून वर घ्यायचे, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. प्रत्येक नमुन्याआधी खुरपी पुसून घ्या. राखेच्या तळाचा, मधला आणि वरचा असे वेगळे नमुने, प्रत्येकी १००-२०० ग्रॅम पुरतात. झिप पिशवी, वर पक्क्या मार्करने नंबर, आत कागदी चिठ्ठीवर तोच नंबर, वहीत जीपीएस आणि खोली. मार्कर पुसला जातो, चिठ्ठी भिजते, वही राहते, म्हणून तिन्ही ठिकाणी लिहायचं.

डोळ्याला राख दिसतच नसेल तरी ती असू शकते. मग सबंध दरडीतून सलग, मध्ये जागा न सोडता दर ५ किंवा १० सेंटिमीटरचा नमुना घेतात, लॅबमध्ये कुठल्यात काचकण आहेत ते मोजतात आणि जिथे सापडले तिथे परत जाऊन १-१ सेंटिमीटरने घेतात. वेळखाऊ आहे पण याच पद्धतीने दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंटला टोबाचे कण मिळाले, सुमारे ९ हजार किलोमीटरवर, ते काम २०१८ साली प्रसिद्ध झालं. तिथे माणसं उद्रेकाच्या आधी, दरम्यान आणि नंतरही राहत होती असं दिसतं. आपल्याकडच्या किती खोऱ्यांत असं सलग काम व्हायचं राहिलंय याचा विचार केला की खरंच वाटतं, कुणीतरी मनावर घ्यायला पाहिजे.

सोबत राखेच्या खालच्या आणि वरच्या वाळूचे नमुने प्रकाशदीप्ती पद्धतीसाठी (ओएसएल, वाळूच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला ते ती सांगते) पण घ्या. लोखंडी नळी दरडीत ठोकायची, दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद, उजेड लागला की नमुना मेला. हे त्या लॅबच्या माणसाला सोबत नेऊनच करा.

पायरी ५: लॅबमध्ये काच वेगळी काढणं

कार्बोनेट घालवायला पातळ अ‍ॅसिड, सेंद्रिय पदार्थांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, मग ओल्या चाळणीतून साधारण २५ ते ८० मायक्रॉनचे कण वेगळे. नंतर जड द्रव, हल्ली सोडियम पॉलिटंगस्टेट वापरतात कारण जुन्या द्रवांइतकं विषारी नाही. द्रवाची घनता आधी २.० आणि मग २.५ च्या आसपास ठेवली की हलका कचरा पहिल्यात वर तरंगतो, क्वार्ट्‌झ आणि बेसाल्टचे कण दुसऱ्यात तळाशी बसतात आणि मधल्या घनतेची काच हाताला लागते. दख्खनच्या गाळात हे जास्त मन लावून करा, कारण इथली माती बेसाल्टची, लोह-टायटॅनियमने भरलेली, ती थोडी जरी राहिली तर रसायन बिघडतं.

पायरी ६: ही राख नेमकी कुठल्या उद्रेकाची?

काचेचं रसायन म्हणजे उद्रेकाची ओळख. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनचा बारीक किरण सोडून कणाचं रसायन मोजणारं यंत्र) एकेक काचकण तपासतात, २०-३० कण तरी हवेत. सबंध राख दळून एकत्र विश्लेषण करू नका, त्यात नदीचा गाळ मिसळलेला असतो आणि येणारा आकडा कशाचाच नसतो. किरण थोडा पसरट ठेवायचा, नाहीतर तापून सोडियम उडून जातं आणि आकडा कमी येतो. आणि रसायन आधीच माहीत असलेल्या प्रमाण काचा त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर मोजून ते आकडेही छापायचे, ते नसतील तर दुसऱ्या लॅबशी तुलना करण्यात अर्थ नाही.

टोबाच्या सगळ्यात अलीकडच्या राखेत पाणी वगळून सिलिका सुमारे ७७ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ५ च्या आसपास, लोह १ टक्क्याच्या आत. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका ५० च्या आसपास आणि लोह १० टक्क्यांच्या वर, त्यामुळे स्थानिक काय नि परकं काय यात शंका राहत नाही. अवघड भाग पुढेच आहे, टोबाचे जुने उद्रेकही याच जातीचे. मुख्य घटकांवर ते एकमेकांच्या जवळ जातात, म्हणून बेरियम, स्ट्रॉन्शियम, यिट्रियमसारखी अल्पांश मूलद्रव्यं लेझर लावून मोजायची, बायोटाइटचे (काळ्या अभ्रकाचे) स्फटिक मिळाले तर त्यांचंही रसायन बघायचं. "टोबाशी जुळली" एवढं वाक्य पुरेसं नाही, कुठल्या टोबाशी ते लिहा.

पायरी ७: वय, आणि बोरीचा धडा

बोरीच्या राखेवर पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने (पोटॅशियमपासून हळूहळू आर्गॉन वायू होतो, तो मोजून वय काढतात) १९८९ साली सुमारे १४ लाख वर्षं हे वय प्रसिद्ध झालं. पुढे आर्गॉन-आर्गॉनने (त्याच पद्धतीचं सुधारित रूप) सुमारे ६ लाख ७० हजार आलं. मग १९९० च्या दशकात काचेच्या रसायनावरून आणि काचेतल्या विखंडन रेषांवरून (युरेनियमचे अणू फुटून काचेत उमटलेल्या खुणा) वेस्टगेट, शेन, कोरीसेट्टर वगैरे अभ्यासकांनी दाखवलं की भारतातल्या या राखा ७४-७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जुळतात. एकाच राखेची तीन वयं, हे कसं काय?

एक साधा हिशोब करून बघा. राखेतलं ९८ टक्के पोटॅशियम ७४ हजार वर्षं जुन्या काचेतलं आणि फक्त २ टक्के गाळातून आलेल्या साडेसहा कोटी वर्षं जुन्या दख्खनच्या कणांतलं असं धरा. साडेसहा कोटींचे २ टक्के म्हणजे १३ लाख. त्यात आपले ७०-७५ हजार मिळवा, झाले जवळजवळ १४ लाख! बोरीत अगदी हेच झालं असा माझा दावा नाही, जुना आर्गॉन इतर वाटांनीही येतो, पण एवढ्याशा भेसळीने वय किती पटींनी फुगतं ते कळावं म्हणून हा हिशोब. त्यामुळे गाळातल्या सबंध राखेवर पोटॅशियम-आर्गॉन करणं टाळाच. चांगलं वय काढायचं ते ज्वालामुखीजवळच्या जाड थरातल्या सॅनिडिन (पोटॅशियम असलेला फेल्डस्पार) स्फटिकांवर, एकेक स्फटिक आर्गॉन-आर्गॉनने. टोबासाठी तसं केलेलं आहे, एका कामात ७३.९ हजार (अधिक-उणे ०.३) आणि दुसऱ्यात ७५ हजार (अधिक-उणे ०.९) आलंय. केनियात तुर्काना सरोवराकाठच्या केबीएस राखेचंही असंच झालं होतं, सुरुवातीला सुमारे २६ लाख आलं, डुकरांच्या जीवाश्मांशी ते जुळेना, बरीच वर्षं वाद चालला आणि शेवटी १९ लाखांच्या जरा अलीकडे स्थिरावलं.

बोरीवर सगळ्यांचं एकमत आहे असंही समजू नका. राखेच्या खाली आणि वर अश्युलियन (पुराश्मयुगातली जुनी परंपरा) धाटणीच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्यात, ७४ हजार वर्षांपूर्वी अशी हत्यारं फार उशिराची वाटतात म्हणून काही अभ्यासक राख टोबाच्या जुन्या उद्रेकाची असल्याचं मांडत राहिले. भारतात अश्युलियन खूप जुनं असू शकतं हे खरंच आहे, तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमचं वय वेगळ्याच पद्धतीने १५ लाख वर्षांपर्यंत गेलंय. पण हत्यारं जुन्या धाटणीची आहेत म्हणून राखही जुनी, असा उलटा तर्क लावणं मला पटत नाही. राखेचं वय राखेवरून ठरू दे, मग हत्यारं तिथे कशी आली ते पायरी ३ प्रमाणे तपासा. माझं मत काचेच्या रसायनाच्या बाजूने आहे.

पायरी ८: सगळं जुळवून लिहिणं

ज्वालापुरमचं उदाहरण बघा, मायकेल पेट्राग्लिया, रवी कोरीसेट्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेलं. राख टोबाची हे रसायनाने दाखवलं, खालच्या गाळाचं प्रकाशदीप्ती वय ७७ हजार (अधिक-उणे ६), वरच्याचं ७४ हजार (अधिक-उणे ७), म्हणजे दोन स्वतंत्र घड्याळं एकमेकांना धरून आहेत. हत्यारं खाली आणि वर साधारण सारखीच, मध्यपुराश्मयुगीन (अश्युलियननंतरच्या टप्प्यातली). त्यावरून त्यांनी म्हटलं की उद्रेकाने इथली माणसं संपली नाहीत. ती माणसं आपल्याच प्रजातीची (होमो सेपियन्स) होती का, यावर मात्र इतर अभ्यासकांनी हरकत घेतली आणि ती रास्त आहे, कारण तिथे मानवी हाडं नाहीत, नुसती हत्यारं आहेत. राख वय सांगते, माणूस कोण होता ते सांगत नाही. सोन खोऱ्यातल्या धाबा इथलं २०२० चं काम याच प्रश्नावर आहे, ८० ते ६५ हजार वर्षांच्या टप्प्यात तिथे हत्यारांची परंपरा सलग चालू दिसते.

राख थेट आणि हाडाच्या वर असेल तर काय करता येतं ते इथिओपियातल्या ओमो किबिशला दिसतं. तिथल्या मानवी अवशेषांच्या वरच्या थरातली राख २०२२ साली शाला ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जुळवली, वय २ लाख ३३ हजार (अधिक-उणे २२ हजार), म्हणजे तो माणूस निदान तेवढा जुना. "निदान" हा शब्द त्यांनी सोडला नाही, तुम्हीही सोडू नका.

अहवाल लिहिताना वाक्यं अशी ठेवा: "हत्यारं थेट पडलेल्या राखेच्या २० सेंटिमीटर खाली, न हललेल्या गाळात, म्हणून ७४ हजार वर्षांहून जुनी" किंवा "राख वाहून आलेली, त्यामुळे वरचा थर ७४ हजारांहून अलीकडचा, किती अलीकडचा ते प्रकाशदीप्तीवरून". उद्रेकाचं कुठलं वय वापरलं तेही लिहा, कारण पुढे ते सुधारलं तर तुमचा आकडा कुणालाही दुरुस्त करता आला पाहिजे. आणि उरलेला नमुना फेकू नका, निम्मा तरी सीलबंद करून संस्थेत जमा करा. पुणे परिसरातल्या लोकांनी काही सापडलं तर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवावं, जागेचा जीपीएस, दरडीचे स्केलसकट फोटो आणि थराची जाडी एवढं पाठवलंत तरी बघणाऱ्याला पहिला अंदाज येतो.